भिंतीला हात लावू नका

मुलीचं लग्न ठरलं आणि मला पहिल्यांदा घराच्या भिंती दिसल्या. एरवी रोज त्यांच्याच मधून वावरत होते, पण हळदीला अख्खा गाव येणार म्हटल्यावर आपलंच घर आपण परक्याच्या नजरेनं बघायला लागतो. तेव्हा तो पट्टा दिसला. आत्यांच्या खोलीच्या दारातून निघून, हॉलच्या लांब भिंतीवरून, देवघराच्या कोपऱ्याला वळसा घालून थेट स्वयंपाकघराच्या चौकटीपर्यंत गेलेला. कमरेच्या जरा वर, काळपट, तेलकट. मधे कुठेही तुटलेला नव्हता.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची रीत आहे. वय विचारलं तर त्या म्हणतात, "पुराच्या आदी दोन वरसां." कुठला पूर ते आता गावात कुणालाच सांगता येत नाही, म्हणून आम्ही ऐंशी धरून चालतो. रोज सकाळी हातापायांना खोबरेल चोळायची त्यांची सवय. त्यामुळे हा उद्योग कुणाचा, हे शोधायला मला फार डोकं चालवावं लागलं नाही.

मी चिडले. चिडायला मला फार काही लागत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पट्ट्याकडे बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो घाणीचा, दुसरा आला तो विहिणीचा. तिसरा विचार यायला हवा होता, तो कितीतरी दिवस आलाच नाही. आज हे लिहायला बसले आहे ते त्या न आलेल्या विचारापायी.

रंगारी आला. उत्तरेकडचा माणूस, दाढी पिकलेली, पण तीस वर्षं भिवंडीत मुरलेला. आधी लूमवर होता. कान बधिर व्हायला लागले म्हणून ड्युटी सोडून ब्रश धरला. त्यानं खोल्या बघितल्या, माप घेतलं आणि मग त्या पट्ट्यापाशी थांबला. बोटानं खरवडून बघेल असं मला वाटलं. त्यानं तसं केलं नाही. त्यानं आपला तळवा त्या पट्ट्यावर ठेवला आणि आत्यांच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, वाकून, हळूहळू चालत गेला. देवघराच्या कोपऱ्यावर डाग चांगला परातीएवढा पसरलेला होता. तिथे तो थांबला, दोन्ही हात टेकले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "भाभी, दादी यहाँ रुकती है. दम लेती है. पूरा रास्ता दीवार के भरोसे चलती है."

"तुम रंग का देखो," मी म्हटलं.

"रंग तो हो जाएगा," तो म्हणाला.

सात वर्षांपूर्वी जमीन गोदामाला गेली आणि आम्ही हा बंगला बांधला. अंबाडीच्या रस्त्यावर आमचं गाव. पूर्वी घराच्या मागे भात होतं, आता पत्र्याचे उंच शेड आहेत आणि दिवसभर कंटेनर मागेपुढे होत असतात. जुन्या घराची जमीन शेणानं सारवलेली होती. नव्या घरात मी पांढऱ्या, चकचकीत लाद्या बसवून घेतल्या. खाली बघितलं तर तोंड दिसावं, अशी माझी हौस होती. ती पुरी झाली.

आणि मी आत्यांच्या हातातली कामं काढून घेतली. हे मी प्रेमानं केलं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे, आणि ते खोटंही नव्हतं. ज्या बाईनं गवताचे भारे डोक्यावर घेऊन भिवंडीच्या बाजारापर्यंत पायी खेपा मारल्या, चिखलात लावण्या केल्या, तिनं आता बसून खावं असं मला मनापासून वाटायचं. पण त्यात दुसरंही काही होतं. दारात गाडी उभी आणि म्हातारी अंगण झाडते आहे, हे चार लोकांनी बघितलं तर सुनेला काय म्हणतील? म्हणून झाडू गेला, मग कोंबड्या गेल्या, मग मागची चूल गेली. तांदूळ निवडायला घेतले की मी म्हणायचे, "राहू द्या आत्या, बाई येते ना कामाला." गावदेवीपर्यंत त्या चालत जायच्या, तेही कंटेनरांच्या भीतीनं आम्ही बंद केलं. शेजारच्या बायका मला म्हणायच्या, सासूनं नशीब काढलं. मी फुशारून जायचे.

एकदा त्या म्हणाल्या होत्या, "मना काय तरी करू दे गो. बसून बसून पायांना मुंग्या येतान."

मी त्यांना टीव्हीचा रिमोट दिला.

पट्टा दिसायच्या कितीतरी आधी खुणा दिसल्या होत्या. चैत्रात आम्ही दरवर्षी वज्रेश्वरीला जातो. देवीचं दर्शन घ्यायचं आणि मग गरम पाण्याच्या कुंडात उतरायचं. आत्या नेहमी सगळ्यांच्या आधी लुगडं खोचून पायऱ्या उतरायच्या, आणि आम्ही चटका बसतो म्हणून ओरडलो की उलट आम्हालाच हसायच्या. लग्नाआधीच्या चैत्रात मात्र त्या वरच बसल्या. सगळ्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन, ओल्या पायऱ्यांकडे बघत. "आज मन न्हाय," म्हणाल्या. मी म्हटलं, बरं झालं, पिशव्या सांभाळायला कुणीतरी हवंच होतं.

नंतर एकदा त्यांच्या कोपरावर हिरवं-निळं दिसलं. "दाराव आपटला," म्हणाल्या. त्याच आठवड्यात न्हाणीघरातला तांब्या चेपलेला सापडला आणि मी कामवालीला झापलं. ती बिचारी शपथा घेत राहिली. मग आत्यांनी पाणी कमी प्यायला सुरुवात केली. जेवताना भरून ठेवलेला पेला तसाच राहायचा. मला वाटलं, म्हातारपणी तहान मरते. पेला उचलून मी मोरीत ओतायचे. पाणी प्यायलं तर न्हाणीघरात जावं लागतं, आणि न्हाणीघरात काय झालं होतं ते फक्त त्यांना आणि त्या तांब्याला माहीत होतं.

का लपवलं असेल? आता मला कळतं. आमच्या आळीतली त्यांची मैत्रीण दोन वर्षांपूर्वी ओट्यावरून पडली. तिला खाटेवर घातली ती घातलीच. आत्या रोज तिच्याकडे जाऊन बसायच्या आणि आल्यावर जेवायच्या नाहीत. पडलो हे घरात कळलं की खाट येते, आणि खाट आली की ती खाली करूनच जावं लागतं, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून त्यांनी कुणाला न विचारता स्वतःपुरता उपाय काढला. त्या भिंत धरून चालायला लागल्या.

आणि मी ती भिंत रंगवायला काढली.

रंग छान झाला. दुधासारखा पांढरा, हात फिरवला तर रेशमी. त्याआधी हॉल मोकळा करायचा म्हणून भिंतीलगतचं लाकडी बाकडं आणि तांदळाची कोठी मी गोदामाकडच्या खोलीत टाकायला लावली. दारांतली गोणपाटं फेकून तिथे झालरीचे नवे गालिचे टाकले. न्हाणीघराबाहेरचा जुना खडबडीत दगड उचलून टाकला. आज आठवून बघते तेव्हा वाटतं, त्या घरात आत्यांना धरण्यासारखं, टेकण्यासारखं, पाय रोवण्यासारखं जे जे होतं, ते मी एकेक करून वेचून बाहेर काढलं. कुणी वैऱ्यानं बेत आखला असता तरी त्याला इतकं नीट जमलं नसतं.

रंगारी शेवटच्या दिवशी ब्रश धुताना पुन्हा म्हणाला, "भाभी, दादी के लिए एक डंडा लगवा दो दीवार पे. स्टील का."

"लग्नघर आहे," मी म्हटलं, "हॉस्पिटल नाही."

त्या संध्याकाळी मी सगळ्यांना एकत्र बोलावून बजावलं. नवऱ्याला, मुलांना, कामवालीला. रंग ओला आहे, पाहुणे येणार आहेत, कुणी भिंतीला हात लावायचा नाही. मग आत्यांकडे वळून वेगळं सांगितलं. "आत्या, तुम्ही खास लक्षात ठेवा. तेलाचे हात असतात तुमचे. भिंतीला हात लावू नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "न्हाय लावत गो."

त्यांनी शब्द पाळला. हेच सगळ्यात वाईट.

हळदीला आठ दिवस होते. घरात माणसांची ये-जा, मांडववाले, वाजंत्रीवाले, मला डोकं वर काढायला फुरसत नव्हती. पण काही चित्रं डोळ्यांत राहून गेली आहेत. आत्या आपल्या खोलीच्या दारात उभ्या, एक हात चौकटीवर, समोरच्या पांढऱ्या लादीकडे बघताहेत. मी दोन फेऱ्या मारून आले तरी तिथेच. मला वाटलं, कशाला उठलो ते विसरल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवून पडले असताना मी पाणी प्यायला उठले, तर त्या हॉलच्या मधोमध होत्या. दोन्ही हात बाजूला पसरलेले, पाऊल पुढे सरकवून आधी चाचपायचं, मग टाकायचं. पावसाळ्यात निसरड्या बांधावरून चालताना आम्ही चालतो तसं. चौकट हाताला लागेपर्यंत त्यांनी श्वास सोडला नव्हता.

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "आत्या, हळदीच्या नाचाची तालीम चाललीय वाटतं!"

त्याही हसल्या.

आत्यांना नवरा नाही, म्हणून पहिली हळद त्यांनी लावू नये, असं दोनतीन चुलत जावांनी मला आडून सुचवलं होतं. माझी मुलगी मात्र हटून बसली. आजीच्या हाताची हळद लागणार नसेल तर मी चौरंगावर बसणार नाही, म्हणाली. आत्यांना हे कळलं तेव्हा त्यांचे डोळे भरले. त्यांनी पेटीतलं हिरवं लुगडं काढलं आणि मला म्हणाल्या, "मी चालत येन हं. मना कोनी धरून आनू नको. लोकां बोलतील, थेरडीला उचलून आनली."

म्हणजे काय पणाला लागलं होतं, ते त्यांना ठाऊक होतं. खोलीपासून चौरंगापर्यंत सतरा-अठरा पावलं. ती स्वतःच्या पायांनी चालली तर त्या या घराच्या मोठ्या होत्या. नाहीतर खाटेवरची म्हातारी.

हळदीच्या दिवशी सकाळी बायकांनी उखळात हळकुंडं कुटली. संध्याकाळी हॉल माणसांनी गच्च भरला. बाहेर मांडवात ढोलकी आणि बेंजो असा दणाणत होता की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मुलगी चौरंगावर बसली. मी तिच्याजवळ हळदीची वाटी घेऊन उभी होते. लांब भिंतीवर वरच्या बाजूला झेंडूच्या माळा सोडल्या होत्या आणि खाली ती पांढरी शुभ्र भिंत. चुलत जावा ओळीनं बसल्या होत्या, बघायला.

आत्या दारात आल्या. मी मानेनं खूण केली, या.

त्या निघाल्या. हात त्यांनी पोटापाशी एकात एक धरले होते, डाव्या हाताचं मनगट उजव्या हातानं घट्ट. मला वाटलं, लाजताहेत. पहिली काही पावलं नीट पडली. माणसांनी वाट करून दिली, त्यामुळे आजूबाजूला धरायला खांदाही उरला नाही. देवघराचा कोपरा आला. रोजची दम घ्यायची जागा. तिथे त्या थांबल्या. मनगट सुटलं आणि डावा हात वर आला, भिंतीकडे गेला. भिंत एक वीतभर राहिली असेल.

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी काहीच बोलले नाही. हे मी शपथेवर सांगते. पण माझ्या तोंडावर काहीतरी आलं असणार, कारण तो हात तसाच हवेत थांबला आणि परत खाली गेला. त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. ते नव्या गालिच्याच्या झालरीवर पडलं.

पडताना आवाज असा झालाच नाही. निदान मला तरी ऐकू आला नाही, बाहेर बेंजो चालू होता. हिरवं लुगडं लादीवर पसरलेलं दिसलं, आणि एक पाय नको त्या दिशेला वळलेला. बायका किंचाळल्या. मी वाटी टाकून धावले. गुडघ्यावर बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्या काहीतरी पुटपुटत होत्या, मी कान खाली नेला.

"मी हात न्हाय लावला गो," त्या म्हणाल्या.

भिंतीवर खरोखरच एकही डाग नव्हता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं, कारण मांडव घातलेला होता आणि आत्यांनी दवाखान्यातून तसा निरोप धाडला होता. मुलगी सासरी जायच्या आधी हळदीची वाटी घेऊन दवाखान्यात गेली आणि आजीच्या बोटांनी आपल्या गालाला हळद लावून घेतली. मी दाराबाहेर उभी राहिले. आत जायची माझी छाती झाली नाही.

घरी आणल्यावर सगळे नातेवाईक एकच सांगायला लागले. आता उठवू नका. आराम करू दे. खाटेवरच सगळं करा. तोंडानं काळजी, आणि डोळ्यांत मात्र हिशोब की आता किती दिवस. माझ्याही मनात तेच होतं. मी पडघ्याहून जाड गादी मागवली.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. सडपातळ, पन्नाशीच्या, बोलायला माझ्याहून तिखट. त्यांनी गादी बघितली आणि मला म्हणाल्या, "ही कुणासाठी? झोपवून ठेवलंत ना, तर दोन महिन्यांत पाय चालणं विसरतील. मग छातीत कफ, मग पाठीला जखमा. पुढचं मी सांगत नाही." मग त्यांनी घरभर फिरून एकेक गालिचा पायानं सरकवून दाखवला, न्हाणीघरात शिरून डोक्याला हात लावला, आत्यांच्या चपलेचा गुळगुळीत झालेला तळ माझ्या नाकासमोर धरला. नवऱ्यानं दुसऱ्याच दिवशी न्हाणीघरात स्टीलचे दांडे बसवले. लग्नघर आहे, हॉस्पिटल नाही, असं म्हणायला आता माझ्याकडे तोंड नव्हतं.

"पडायच्या आधी काही जाणवलं होतं का?" बाईंनी विचारलं.

"न्हाय," नवरा म्हणाला, "चांगल्या चालत होत्या. एकदम अचानक झालं."

मी भिंतीकडे बघत राहिले.

बाईंनी आत्यांना खुर्चीतून हात न टेकता उठायला शिकवायचं ठरवलं. आत्या घाबरत होत्या, म्हणून मी म्हटलं, "थांबा, मी करून दाखवते, सोपं तर आहे." हात छातीशी बांधून खुर्चीत बसले आणि उठायला गेले. उठलेच नाही. दुसऱ्या खेपेला हात आपोआप गुडघ्यावर गेला. आत्या दुखणं विसरून हसल्या. मीही हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. "तुम्हीही रोज करा," एवढंच म्हणाल्या. साठी ओलांडलीय, वजन वाढलंय, लग्नाची दगदग, मी सबबी सांगितल्या. त्यांनी ऐकून घेतल्या.

काही आठवड्यांनी आत्या वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालायला लागल्या. पण हॉलमध्ये येईनात. वॉकर सोडून भिंत धरा, असं बाईंनी सांगितलं की त्या मान हलवायच्या. मी मिनतवाऱ्या केल्या. "धरा ना आत्या भिंत, काय होतंय?"

"रंग जाल तिचा," त्या म्हणायच्या.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता.

एका सकाळी मी त्यांची खोबरेलाची बाटली घेतली, दोन्ही तळव्यांना चोळून चोळून लावलं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या दारापासून देवघराच्या कोपऱ्यापर्यंत भिंतीवर हात फिरवत गेले. कोपऱ्यावर दोन्ही हात टेकले. मागे वळून बघितलं तर त्या तोंडावर पदर धरून बघत होत्या.

"येडी झालीस काय गो?" म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

त्या दिवशी त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भिंतीवर माझ्या डागाखाली, दारापासून चार हात अंतरावर, नवा डाग होता.

तेव्हापासून मी रोज सकाळी भिंत वाचते. दुसऱ्या कुणाला ते वेड वाटेल. कामवालीला ती पुसायची सक्त मनाई आहे. डाग पुढे सरकत गेला, देवघर गाठलं, पावसाळ्याच्या तोंडाला स्वयंपाकघरात पोचला. मी मुद्दाम कामं लांब ठेवायला लागले. तांदळाचं सूप स्वयंपाकघरात, निवडायची मेथी व्हरांड्यात. बायका आल्या की बघतात, म्हातारी हातात सूप घेऊन बसलेली. बोलतात माझ्यामागे. बोलू देत.

पण खोटं कशाला सांगू, माझी भीती गेलेली नाही. एकदा आठवडाभर डाग देवघरापुढे गेलाच नाही, तिथेच गडद होत राहिला. त्या आठवड्यात मला अन्न गोड लागलं नाही. मी स्वयंपाकघरात बसून हाका मारायचे, "आत्या, खडे दिसत नाहीत मला, या हो," आणि कान लावून बसायचे. तळवा भिंतीवर घासल्याचा तो बारीक आवाज येईपर्यंत जीव टांगणीला. उठून धरायला जायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. माझ्या चिडक्या स्वभावाला जगातलं सगळ्यात अवघड काम तेच निघालं, गप्प बसून वाट बघणं.

दिवाळीच्या आधी देवघराच्या बाजूला ओल आली म्हणून पुन्हा त्याच रंगाऱ्याला बोलावलं. तो आला, ओल बघितली, आणि सवयीनं त्या पट्ट्यापाशी गेला. आत्या खोलीत खाटेवर बसून वाती वळत होत्या, दार उघडं होतं. त्यांना बघून त्यानं सलाम केला. मग भिंतीवर हात ठेवून थोडं चालला. थांबला. हात एक वीत वर नेला आणि पुन्हा चालला.

"भाभी," तो म्हणाला, "ये नीचेवाला तो दादी का है. ये ऊपरवाला किसका है?"

मी म्हटलं, तो जुना, उन्हाळ्यातला, मीच मुद्दाम केलेला. त्यानं बोट लावून मला दाखवलं. बोटाला तेल नव्हतं. सकाळी मी थापलेल्या भाकऱ्यांच्या पिठाचा पांढुरका थर होता, आणि त्याखाली घामट, ताजा मळ. माझा मुद्दाम केलेला डाग देवघराच्या कोपऱ्यापर्यंतच होता. हा कोपऱ्याला वळसा घालून स्वयंपाकघरापर्यंत गेला होता.

या खेपेला मी त्याला रंगाचं बघ म्हटलं नाही. ओलीचा तेवढा तुकडा करून घे, बाकी भिंतीला ब्रश लावू नको, असं सांगितलं. तो सामान आणायला बाहेर गेला. मी आत्यांच्या दारापाशी गेले आणि तिथून स्वयंपाकघराकडे चालायला लागले, हात पोटापाशी धरून, एका हाताचं मनगट दुसऱ्या हातात. लाद्या चकचकीत होत्या. खाली माझं तोंड दिसत होतं. देवघराच्या कोपऱ्याशी आले तेव्हा गुडघ्यात काहीतरी लटकन हललं आणि डावा हात मनगटातून सुटून वर गेला. भिंतीपासून वीतभर अंतरावर मी तो थांबवला. भिंत न धरता मला जमतं का, ते बघायचं होतं.

मागून आत्यांचा आवाज आला. त्या वाती बाजूला ठेवून दारापर्यंत आल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

"धर गो बाय, भित धर," त्या म्हणाल्या. "आज कोन पाहुनं येनार न्हाय."